कंबर वाढवायची न्हाई

‘पोट आत ओढू नका’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा मी बायकोचं नावही घेतलं नसेल. भालकीत बसस्टँडच्या मागं माझं टेलरिंगचं दुकान होतं. पस्तीसएक वर्षं मी पँटी शिवल्या. आमचं घराणं मेहकरचं, मेंढरं राखणारं. वडलांनी लोकर कातरली, मी कापड कातरलं.

टेप कमरेला लावली की माणूस आपोआप श्वास कोंडून धरतो. साहेब असो, हमाल असो. मास्तर लोक सगळ्यात पुढं. एका हेडमास्तरांनी तर इतका वेळ श्वास धरला की त्यांचा चेहरा लाल झाला. अशा वेळी टेलरनं घाई करायची नसते. टेप तशीच धरून विचारायचं, “सर, बदलीचं काय झालं?” बदलीचा विषय निघाला की पोट आपसूक बाहेर येतं. तेव्हा दिसतं ते खरं माप.

कचेरीतला एक क्लार्क माझी टेपच आखडलीय म्हणून भांडायला लागला. दुसऱ्या दिवशी घरून स्वतःची टेप घेऊन आला. त्या टेपनं अर्धा इंच जास्तच दाखवलं. त्यानं टेप गुंडाळली, खिशात घातली आणि तुमचंच माप धरा म्हणाला.

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पँटला ती मागच्या मधल्या शिवणीत असते. कंबर वाढली की शिवण उसवायची, मायेतलं कापड सोडायचं आणि परत टीप मारायची. तयार पँटीत माया जेमतेम असते. म्हणून तर रेडिमेडचा सुळसुळाट झाला तरी आमच्यासारख्यांची चूल पेटत राहिली.

पोट सुटतं ते बसून खाणाऱ्यांचं, असा माझा पक्का समज होता. गिऱ्हाईक गेलं की मी कारागिरांसमोर त्याची टिंगल करायचो. शाळेचे गणवेश आणि लग्नसराई एकत्र आली की मी स्वतः चार तास झोपायचो, चहाबरोबर दोन प्लेट भजी हाणायचो, आणि माझं पोट मशिनच्या फळीला टेकायचं. पण मी कष्टाचा माणूस, तेव्हा माझं ते पोट नव्हे, वय.

हा समज उतरवला नागनाथनं.

नागनाथ खटकचिंचोळीचा. भालकीच्या वाटेवर सोयाबीनचं तेल काढायचा एक खाजगी कारखाना होता, त्यात तो बॉयलरवर कामाला. कारखान्याचं नाव मी सांगत नाही. तिथल्या शंभरावर माणसांना वर्षाला दोन युनिफॉर्म मिळायचे आणि ते मी शिवायचो. नागनाथ कामाला लागला तेव्हा त्याची कंबर एकोणतीस होती. आठ-नऊ वर्षांत ती बत्तीसवर आली. लग्न झालं, दोन लेकरं झाली, एवढं वाढणं मी धरूनच चालतो.

मग कारखान्यात तीन पाळ्यांच्या दोन झाल्या. आठ तासांचे बारा तास. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. पुढच्या तीन वर्षांत नागनाथ बत्तीसचा पस्तीस झाला. एकटा तोच नाही, बॉयलरवरचे आणि मशिनवरचे सगळेच. माझ्या मापाच्या वह्या चाळताना मला पहिल्यांदा वाटलं की कारखान्यात खायला फार चांगलं मिळायलंय.

मी नागनाथला तसं बोललो. तो चिडला नाही. त्याला चिडायलाही ताकद नव्हती. रात्रपाळी करून तो मोटारसायकलनं सकाळी घरी पोचायचा. घरावर पत्रे. बाजूला पिठाची गिरणी. त्यात सासरकडचा कुणी ना कुणी पाहुणा यायचा आणि ‘जावई दिवसभर झोपूनच असतेत व्हय?’ म्हणून विचारायचा. तीन-चार तास डोळा लागला तर लागला.

“अण्णा, झोप झाली न्हाई की भूक लागती,” तो म्हणाला. “भाकरीची न्हाई. भज्याची, गोड चहाची. पोट भरल्यालं असतंय, तरी हात तिकडंच जातंय.”

मी मान हलवली आणि तो गेल्यावर कारागिराला म्हणालो, खायला निमित्त बघा कसं काढलंय. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

त्याच वर्षी कारखान्यात नवे मॅनेजर आले. पुण्याकडचे. काटक अंग, एकतीस कंबर. पहाटे साडेचारला उठून आपण पळतो हे ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगत. रात्री नऊला आपण झोपतो हे मात्र सहाव्या मिनिटाला सांगत, तोवर ऐकणारा गेलेला असे.

त्यांनी आरोग्य मोहीम काढली. गेटवर वजनकाटा आला. दर सोमवारी वजन, आणि वजनांची यादी नोटीस बोर्डावर. पाळी सुरू व्हायच्या आधी एक तास मैदानात पळायचं. म्हणजे बारा तासांचे तेरा झाले, आणि तो तास कापला गेला तो झोपेतून. शिवाय एक मोठं बक्षीस. ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरेल त्याला कायमची दिवसपाळी.

हे ठरल्यावर साहेब स्वतः माझ्या दुकानात आले. हातात तीन वर्षांपूर्वीची मापांची यादी होती. यंदाचे युनिफॉर्म याच मापानं शिवा, म्हणाले.

मी म्हणालो, “साहेब, माणसं आता त्या मापाची राह्यली न्हाईत.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “कंबर वाढवायची नाही. पँट बसली नाही की माणसाला आपोआप शिस्त लागेल.”

कापडानं शिस्त लावलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. फाटलेलं कापड मात्र पुष्कळ पाहिलं होतं. पण कारखान्याचं काम सोडायची माझी तयारी नव्हती. मी व्हय म्हणालो.

आणि मग मी हुशारी केली. पँटी जुन्याच मापानं शिवल्या, पण मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच माया सोडली. साहेबांनी गठ्ठ्यातल्या चार पँटी टेप लावून तपासल्या, माप बरोबर निघालं, ते खूश झाले. वाटप झालं. आठ दिवसांत माणसं पिशवीत पँट घालून एकेक करून माझ्याकडं आली. मी उसवल्या, सैल केल्या, परत दिल्या. दुकानात नुसता हशा. साहेबांना कसं बनवलं हे सांगताना मी स्वतःच्याच पाठीवर इतक्या वेळा थाप मारली की हात दुखावा.

कारखान्यात एकाचीही पँट फाटली नाही. साहेबांनी हैदराबादला मालकांकडं कळवून टाकलं की मोहीम यशस्वी झाली, सगळी माणसं जुन्या मापात बसली. वजनकाटा काही तसं सांगत नव्हता, पण काट्यावर उभं राहताना भिंतीला हात टेकायची युक्ती तोवर सगळ्यांना जमली होती. साहेबांना हात दिसत असावा. पण यादी चांगली दिसत होती.

मोहीम खरी मानली ती एकट्या नागनाथनं. त्याला दिवसपाळी हवी होती. दुसरं काही नको होतं. रात्री अंधारात आडवं व्हायचं आणि सकाळी उठायचं, एवढंच. पण त्यासाठी वजन उतरायला पाहिजे, वजन उतरायला झोप पाहिजे, आणि झोपेसाठी दिवसपाळी पाहिजे. हे कोडं मॅनेजर साहेबांना दिसलं नाही. नागनाथला दिसलं असलं तरी तो बोलला नाही. त्यानं जेवण तोडलं. डब्यात एक भाकरी, काकडी, नुसता काळा चहा. पळायच्या तासाला तो सगळ्यांच्या आधी हजर. दोन आठवडे वजन उतरलं. तिसऱ्या आठवड्यात ते होतं तिथंच राहिलं, आणि चौथ्यात अर्धा किलो वाढलं. बोर्डावर त्याच्या नावापुढं साहेबांनी लाल शाईनं गोल केला.

त्यानंतर दोन दिवसांनी भर दुपारी तो दुकानात आला. घरून लवकर निघाला होता. पँट कमी करण्याइतकी सैल झालीय का बघा, म्हणाला. मी त्याला हात वर धरायला सांगितलं, टेप लावली. पस्तीस. टेप तसूभरही हलली नव्हती. हे कसं सांगावं म्हणून मी वहीत लिहायला वळलो. मागं वळून बघतो तर हात तसेच पसरलेले आणि नागनाथ उभ्या उभ्या झोपलेला.

मी त्याला खांद्याला धरून मागं कापडाच्या तुकड्यांच्या ढिगावर निजवलं. आडवा होताना डोळे न उघडता तो एवढंच बोलला, “अण्णा, साडेपाचला उठवा. सहाला पळायचं, सातची पाळी हाय.”

मी मशिनं बंद करायला लावली. त्या दिवशी दुकानात कुणी मोठ्यानं बोललं नाही. झोपलेल्या माणसाचा चेहरा मी तसा पूर्वी निरखला नव्हता. गाल सुजल्यासारखे, डोळ्यांखाली काळं, आणि ओठ वाळलेले. हा माणूस खाऊन सुटलेला आहे असं मी इतकी वर्षं म्हणत होतो.

साडेपाच वाजले. मी उठलो, बसलो. न उठवावं असं मनात आलं. पण पाळी चुकली तर नोटीस निघेल, दिवसपाळी तर जाईलच. पाच-दहा मिनिटं मी घड्याळाकडं बघत काढली आणि मग त्याला हलवलं. तो दचकून उठला, तोंडावर पाणी मारलं, बरं केलंत म्हणाला आणि गेला.

त्याच पाळीत बॉयलरपाशी त्याची डुलकी लागली आणि उजवा हात वाफेच्या पाइपावर पडला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. सोबतच्यानं ओढलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको शांता उशाशी बसली होती. तिथल्या डॉक्टरबाई मलाच त्याचा घरचा माणूस समजून रागावल्या. हा उपाशी का होता, आणि किती दिवस झोपला नाही, असं विचारत होत्या. मी वजन कमी करायचं कारण सांगितलं, तर त्या हसल्या, पण ते हसणं बरं नव्हतं. झोप तुटली की शरीर भूक वाढवतं आणि आलेलं साठवून ठेवतं, या माणसाला आहार नको, अंथरूण द्या, असं त्या म्हणाल्या. नागनाथनं हेच मला भज्याच्या भाषेत कधीच सांगितलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर मला पटलं.

कारखान्यानं चौकशी लावली. मॅनेजर साहेबांनी लिहून दिलं की कामगार प्रमाणाबाहेर जाड, त्यामुळं सुस्त, संधी देऊनही सुधारला नाही, त्याला कामावरून कमी करावं. इथं त्यांची पंचाईत झाली. सगळी माणसं जुन्या मापात बसली असं त्यांनीच आधी कळवलं होतं. मग हा जाड कुठून आला, असं हैदराबादहून विचारणं आलं.

साहेब माझ्याकडं आले. पँटी सैल झाल्याचं त्यांना एव्हाना कुणीतरी सांगितलं होतं. पण ते चिडले नव्हते, उलट नरम होते. चौकशीला या आणि फक्त नागनाथनं तेवढी पँट सैल करून घेतली होती असं सांगा, म्हणाले. पुढच्या वर्षीचं कामही तुमच्याकडंच राहील, हेही बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी शांता आली. ती काही मागायला आली नव्हती. त्याची युनिफॉर्मची पँट दुरुस्तीला घेऊन आली होती, ती काउंटरवर ठेवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी विचारलं, कामून उभी हाईस, अक्का?

“तिथं त्येंच्या बाजूनं बोलायला कुणीच न्हाई,” ती म्हणाली. “सगळे म्हणायलेत, आमाला आमची नोकरी हाय.”

मी पँट ठेवून घेतली.

चौकशीच्या दिवशी ती पँट आणि मापाच्या चार वह्या घेऊन मी कारखान्यात गेलो. साहेबांच्या खोलीत हैदराबादहून आलेले मालकांचे माणूस बसले होते. वयस्कर, पांढरी टोपी, बोलणं दखनी. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला हात गळ्यात बांधलेला नागनाथ.

याचीच पँट सैल केली का, असं मला विचारलं. मी म्हणालो, सगळ्यांच्या केल्या. खिशातून ब्लेड काढलं आणि सगळ्यांसमोर मागची शिवण उसवून दाखवली. आधीची माया किती होती, आता किती उरलीय, हे कापडावरच्या जुन्या टिपेच्या भोकांवरून दिसत होतं. ही लबाडी माझी, म्हणालो, साहेबांना याची खबर नव्हती.

मग मी वह्या उघडल्या. नागनाथला विचारून त्याची मापं वाचली. आठ तासांच्या पाळीतली आणि बारा तासांच्या पाळीतली. बाकीच्यांची नावं न घेता वाचली, बॉयलरवरचा एक, मशिनवरचा एक, असं करत. शेवटी पाचला सुटून घरी जाणाऱ्या हिशेबनीस लोकांची वाचली. तीन वर्षांत त्यांची कंबर जिथल्या तिथं होती, आणि जेवत होते सगळे एकाच कँटीनमध्ये.

मालकांच्या माणसानं विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का?

“न्हाई जी,” मी म्हणालो. “डॉक्टर माणूस पडल्यावर बघतेत. मी दर वर्षाला बघतो.”

हे जरा जास्त झालं असं मला तेव्हाच वाटलं. त्यांनी हात पुढं केला आणि वही मागितली. चष्मा लावून ते पानं उलटत राहिले. शेवटच्या पानावर थांबले. तिथं एकच नाव होतं, आले तेव्हा एकतीस, तीन महिन्यांनी साडेतेहतीस. साहेब पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या दोन पँटी घेऊन आले होते, दुकानात कुणी नाही असं बघून. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्या दिवशीही सांगणार नव्हतो.

“ये कौन है?” त्यांनी नाव वाचूनही विचारलं.

मी खाली बघितलं. साहेबच म्हणाले, “मी.”

पळायचं बंद केलंत का, असं मालकांच्या माणसानं त्यांना विचारलं. साहेब नाही म्हणाले. मग आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, “रात्री अकराला, एकला, कधी तीनला तुमच्या ऑफिसातून फोन येतो. किती पोती निघाली विचारायला. तीन महिन्यांत मी एक रात्र सलग झोपलेलो नाही.”

मालकांच्या माणसानं वही मिटली. चहा मागवला. तो नुसत्या बिस्किटांबरोबर नाही, भज्यांसकट आला, आणि साहेबांचा हात सगळ्यात आधी बशीकडं गेला.

नागनाथची नोकरी राहिली. त्याला स्टोअरमध्ये दिवसाचं काम मिळालं. बॉयलरवर आठ तासांच्या तीन पाळ्या परत आल्या, तेवढ्याच खात्यात. मशिनवाल्यांचे बारा तास आजही बाराच आहेत, कारण त्यांच्यातलं कुणी अजून भाजलेलं नाही. वजनकाटा गेटवरून उचलून मालाच्या गोदामात नेला. साहेब वर्षाच्या आत दुसरीकडं गेले. जाताना दोन पँटी सैल करून घेऊन गेले, या वेळी दुकानात माणसं असताना.

युनिफॉर्मचं काम माझ्याकडून गेलं. आता कमरेला इलास्टिक घातलेल्या तयार पँटी बाहेरून गठ्ठ्यानं येतात. लहान, मध्यम, मोठी, त्याहून मोठी. टेप लागत नाही, टेलर लागत नाही. माणूस बारा तास राबून किती का फुगेना, इलास्टिक त्याच्याबरोबर ताणलं जातं आणि कुणाला काही कळत नाही. कारखान्यासाठी याहून सोयीचं कापड निघायचं नाही.

पण कारखान्याला हसताना मला माझी दोन-दोन इंच माया आठवते. मी तेच केलं होतं, फक्त हातानं. त्या वर्षी पँटी जुन्या मापानं शिवून तशाच दिल्या असत्या तर शंभर माणसांच्या पँटी एका आठवड्यात फाटल्या असत्या, आणि हे असं का झालं म्हणून कुणीतरी विचारलं असतं. मी कुणाला विचारू दिलं नाही. मला त्या माणसांचं हसू हवं होतं.

नागनाथच्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. मागच्या दसऱ्याला संध्याकाळी तो सोनं द्यायला घरी आला होता. उतरलेला दिसत होता. पोट बरंच गेलं होतं, ते न पळता. शांताही सोबत होती. स्टोअरमध्ये गेल्यावर पहिला आठवडाभर हे असे झोपले की मी मधूनमधून नाकापुढं हात धरून बघायची, असं ती सांगत होती.

ती आत बायकोशी बोलायला गेल्यावर मी त्याला इतके दिवस मनात असलेलं विचारलं. त्या दिवशी दुकानात मी उठवायला नको होतं, न्हाई का?

त्यानं भाजलेल्या हातावरून दुसरा हात फिरवला. मग म्हणाला, “न्हाई उठवलं असतंत तर नोकरी गेली असती. उठवलंत तर हात भाजला. तुमी काय करणार, अण्णा.”

मला बरं वाटावं म्हणून तो हे बोलत होता, हे कळत होतं. मी त्यानं दिलेली सोन्याची पानं सारखी करत राहिलो. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण जरा वेळानं तो हसला.

“खरं सांगू का? तुमी हलवलंत, तवा मी सपनात जेवायलो होतो. पोळी, आंबरस. शांता वाढायली होती आणि वजन करायला कुणी न्हवतं.”

तेवढ्यात शांता बाहेर आली. तिनं त्याला आणखी जरा बसायला सांगितलं, पण तो उठला. दिवेलागण झाली होती. घरी जाऊन झोपायचं हाय, म्हणाला.